दोन वाट्या तुरटी

कांता येणार हे ठरल्यापासून भागीरथाबाईंच्या जिवाला थारा नव्हता. सकाळपासून त्यांनी ओटा तीनदा पुसला, पाण्याचा माठ इकडचा तिकडे केला आणि मुगवड्या वाळत घातलेला पत्रा उन्हातून सावलीत आणि सावलीतून पुन्हा उन्हात नेला. पुढच्या खोलीत पुठ्ठे कापत बसलेला त्यांचा मुलगा मधुकर शेवटी म्हणालाच, "काकू कामठीहून येऊन राहिली वं माय, दिल्लीहून नाही."

"तू पुठ्ठे काप," त्या म्हणाल्या आणि पत्रा परत सावलीत नेला.

तो पत्रा मुळात वड्यांसाठी नव्हताच. जस्ताचा, दोन हात लांब आणि चार बोटं खोल असा तो उथळ ट्रे होता आणि एके काळी सारं घर त्याच्याभोवती फिरत असे. रात्रभर भिजवून गाळलेल्या मेथीदाण्यांचं चिकट पाणी त्यात भरायचं. त्यावर गेरू, नीळ, काजळ असे रंग थेंबाथेंबानं सोडायचे. प्रत्येक रंगात बकऱ्याच्या पित्ताचे चार थेंब घालायचे, म्हणजे रंग बुडत नाही, वरच्यावर पसरतो. मग टाचण्या ठोकलेली पट्टी कंगव्यासारखी त्यातून ओढायची आणि तुरटीच्या पाण्यानं पुसून वाळवलेला कागद वरून अलगद टेकवायचा. उचलला की पाण्यावरची सगळी नक्षी कागदावर. हिला अबरी म्हणायचे. नागपुरात लकडगंजातल्या व्यापाऱ्यांच्या चोपड्या असोत की सीताबर्डीच्या दुकानांतल्या वह्या, पुठ्ठ्यावर आणि पुठ्ठ्याच्या आतल्या अस्तरावर या घरची अबरी असायची. पुढे छापील मार्बल कागदाची रिमं बाजारात आली. सात वर्षांपूर्वी मधुकरनं हा पत्रा आईच्या हवाली केला आणि म्हणाला, "वड्या घाल याच्यात." त्यांनी घातल्या.

कांता, त्यांची धाकटी जाऊ, अठरा वर्षांत या घराची पायरी चढली नव्हती. कामठी म्हणजे काही परमुलूख नव्हे, बसनं अर्ध्या तासाची वाट. पण त्रेसष्ट साली भागीरथाबाईंच्या नवऱ्यानं, देवाजींनी, सख्ख्या भावाला, धोंडबाला, बायको-लेकरासकट घराबाहेर काढलं आणि तेवढी वाट कोणाच्याच पायांनी संपली नाही. धोंडबा तिकडे पॉवरलूमवर लागला आणि तिकडेच खोकत खोकत गेला. त्याला दोन वर्षं झाली. मातीला देवाजी गेले होते, नाही असं नाही. पण आत गेले नाहीत. दारासमोरच्या लिंबाखाली काठी टेकून उभे राहिले आणि तसेच परत फिरले. भागीरथाबाई मात्र आत गेल्या, कांताच्या शेजारी बसल्या, तिला पोटाशी धरून रडल्या. आणि जे सांगायला हवं होतं ते तेव्हाही सांगितलं नाही.

आजचं बोलावणं खुद्द देवाजींनी धाडलं होतं, ते वहीसाठी. छप्पन साली वस्तीनं दीक्षा घेतली, त्यानंतरच्या जानेवारीत या घरानं एक मोठी वही बांधली होती. तिच्यात वस्तीतल्या तीनशे बारा घरांची नावं होती. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे होते. नावं धोंडबानं लिहिली होती, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं. बांधणी देवाजींची आणि अबरी घरच्या पत्र्यावरची. लिहून झाल्यावर वही पांढऱ्या कापडात गुंडाळून पेटीत ठेवली गेली आणि तिला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. आता दीक्षेला पंचवीस वर्षं होत होती. दसरा आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी वही विहारात उघडी मांडायची, तीनशे बारा घरांनी येऊन आपापल्या बापाचं, आज्याचं नाव पाहायचं, आणि लिहिणाऱ्याच्या बायकोचा सत्कार करायचा असं वस्तीनं ठरवलं होतं. ते ऐकून देवाजींनी पेटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "विहाराच्या आधी घरी उघडू. तिले बोलवा."

अकराच्या सुमाराला कांताबाई आली. बरोबर मुलगी चारुशीला, वीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, बापासारखी लांबोडकी. घर सोडलं तेव्हा ती दोन वर्षांची होती, त्यामुळे तिला इथलं काहीच आठवत नव्हतं, आणि जे तिनं ऐकलं होतं ते आठवणीपेक्षा कडू होतं.

"जयभीम, मोठे बाबा," ती देवाजींना म्हणाली. म्हणाली नीटच, पण वाकली नाही.

"जयभीम, बेटा. बस." देवाजींनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. भावजयीकडे त्यांनी पाहिलं नाही. मोठा दीर आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नसतच, ती रीत आज दोघांच्याही चांगली उपयोगी पडली.

कांता डोक्यावरचा पदर सावरून सरळ आत स्वयंपाकघरात आली. पंचेचाळिशीची नव्हती अजून, पण केस पार पिकले होते. भागीरथाबाईंनी तिला पाणी दिलं. दोघींना काय बोलावं ते सुचेना, म्हणून दोघी कामाला लागल्या.

"वरण मी पाहू का, बाई?"

"पाह्य ना. तुहंच घर हाय."

कांतानं डाळ घोटली, फोडणी दिली आणि मिठाचा डबा हातात घेऊन थांबली. "मीठ किती टाकू?"

"टाक ना अंदाजानं."

"चमचा हाय का लहान?"

भागीरथाबाईंनी चमचा दिला. कांतानं एक चमचा भरला, बोटानं वरून सपाट केला, टाकला. दुसरा भरला, सपाट केला. "दोन ना, बाई?" तिनं विचारलं. आणि टाकायच्या आधी पुन्हा, "दोनच ना?"

"अवं, वरण करून राहिली का दवाई?" भागीरथाबाई हसल्या. कांताही हसली, पण मीठ टाकल्यावर तिनं डब्याचं झाकण दोनदा दाबून पाहिलं.

ही तीच कांता होती, जिला या घरात आणलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, पोरीच्या हाताला ताजवा आहे. पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवायला बसली तर पिठाला पाणी किती, हे तिला कढईत न पाहता कळे. पत्र्यावर कंगवा ओढायला लागली की देवाजीसुद्धा काम थांबवून बघत, आणि बघत नसल्याचं दाखवत. त्या हाताला काय झालं ते भागीरथाबाईंना विचारायची गरज नव्हती. त्यांना एकदम बसावंसं वाटलं, पण बसायला निमित्त नव्हतं, म्हणून त्या भाकरी थापत राहिल्या.

झालं होतं ते असं. अबरीच्या कागदाला तुरटी लावायचं काम पहिल्यापासून भागीरथाबाईंचं. तुरटी नसेल तर रंग कागदाला धरत नाही, ओघळून जातो. तुरटी लावलेली बाजू वाळल्यावर डोळ्यांना ओळखू येत नाही, म्हणून या घरात कागदाच्या कोपऱ्याला जीभ लावून पाहायची रीत होती. तुरट लागली की ती बाजू खाली. सासूबाईंनी त्यांना माप शिकवलं होतं ते एक वाटीचं. पातेलंभर पाण्याला एक वाटी पूड, जास्त नाही. पण दीक्षेच्या वहीची अबरी करायची ठरली तेव्हा भागीरथाबाईंना वाटलं, या वहीचा रंग साधा असून कसं चालेल? त्यांनी दोन वाट्या टाकल्या. निळा असा उठला की देवाजी कागद उन्हात धरून उभेच राहिले. "असा रंग नागपुरात कोणाच्या अबरीले नाही," ते म्हणाले. बायकोचं कौतुक करण्यात देवाजी कधी वेळ घालवणारे नव्हते. भागीरथाबाईंनी ते वाक्य कितीतरी दिवस मनात घोळवलं आणि वाट्या दोनच ठेवल्या.

सहा वर्षांनी लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून चाळीस चोपड्या परत आल्या. रोजच्या उघडमिटीनं अस्तराची अबरी सांध्यावर तडकली होती आणि पुठ्ठे सुटून हातात येत होते. देवाजी असे संतापले की गल्ली गोळा झाली. त्या वेळी खळ कांता शिजवत असे, आणि कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद पडतो. मोरचूद जास्त झाला तर कागद जळतो हे सगळ्यांना माहीत. देवाजींनी कांताचं नाव घेतलं. त्या दुपारी भागीरथाबाईंनी एका फाटक्या अस्तराला गुपचूप जीभ लावून पाहिली होती. तोंड आवळून आलं होतं. कागद मोरचुदानं नाही, तुरटीनं ठिसूळ झाला होता. संध्याकाळी सांगू, असं त्यांनी ठरवलं. मग राग उतरल्यावर सांगू. आठव्या दिवशी धोंडबानं रिक्षात बिऱ्हाड भरलं.

नंतर त्या निमूटपणे एका वाटीवर आल्या. रंग थोडा उतरला, पण कागद टिकायला लागला. त्यावर देवाजी जो भेटेल त्याला सांगत, "पाहा, ते हात गेले अन् काम सुधरलं." म्हणजे भागीरथाबाईंनी आपली चूक दुरुस्त केली आणि त्या दुरुस्तीनंच कांतावरचा आळ पक्का झाला. हे त्यांना पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या मोरीत जाऊन रडल्या होत्या. पुढे पुढे रडूही येईनासं झालं.

जेवणं झाल्यावर देवाजींनी पेटी पुढच्या खोलीत आणवली. खाली सतरंजी टाकली, वर धुतलेली चादर. मधुकरनं वही काढली. कापडाच्या घड्या पिवळ्या पडल्या होत्या. देवाजींनी दोन्ही हात पुसले आणि गाठ स्वतः सोडली.

वरून वही धड होती. पुठ्ठ्यावरचा निळा अजून डोळ्यांत भरत होता.

"किती सुंदर हाय," चारुशीला नकळत बोलून गेली.

"तुह्या बापानं अन् मी मिळून केली," देवाजी म्हणाले. अठरा वर्षांत त्यांच्या तोंडून 'तुह्या बापानं' असे शब्द प्रथमच आले असतील. "थो म्हणे, दादा, माहं अक्षर वाकडं झालं तर पानच बदलू. एकबी पान बदलावं लागलं नाही." त्यांनी पुठ्ठ्याची कड धरली आणि उघडली.

पापड मोडावा तसा आवाज झाला. अस्तराची अबरी सांध्यावर वरपासून खालपर्यंत तडकली आणि पुठ्ठा देवाजींच्या हातात आला. निळे-तांबडे तुकडे चादरीवर पडले. मधुकरनं पान सावरायला हात घातला तर त्याच्या बोटाखाली आणखी एक पोपडा निघाला. आत पहिलं पान होतं. त्यावर अस्तराचा तपकिरी डाग उतरला होता आणि त्या डागात वरची पाच-सहा नावं बुडाली होती. धोंडबाचं अक्षर होतं, पण वाचता येत नव्हतं.

देवाजींनी तडकलेल्या कडेवरून बोट फिरवलं. आणि मग, सवयीनंच, त्यांच्या तोंडून ते निघालं.

"तेच झालं. खळीनं खाल्लं. किती सांगतलं होतं, मोरचूद बेतानं टाका. एकाचा हात अन् साऱ्या वस्तीचं नुकसान."

दाराशी बसलेल्या कांतानं मान खाली घातली. भागीरथाबाईंनी पाहिलं, तिनं मान वर ठेवायचा यत्नसुद्धा केला नाही.

"कोणाचा हात, मोठे बाबा?" चारुशीलानं विचारलं.

"जाऊ दे, बेटा. झालं थे झालं."

"जाऊ काहून द्यायचं? वही कधी बांधली?"

"सत्तावनच्या जानेवारीत. वरच लिहून हाय."

"माह्या आईचं लगन एकोणसाठात झालं. सत्तावनात थे भिवापुरात मिरच्या खुडून राहिली होती." पोरीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "मंग या वहीची खळ तिनं कशी शिजवली?"

देवाजींनी बोटांवर वर्षं मोजली. ते हिशेब लावत होते, आणि तो लागत होता, हे सगळ्यांना दिसत होतं. मधुकर घाईघाईनं मध्ये पडला. तो मनानं वाईट नव्हता, फक्त कुठलंही भांडण लेई लावून चिकटवता येतं अशी त्याची समजूत होती.

"कागदच खराब असंन, बाबा. त्या काळात काय माल येत होता कोण जाणे. मी काय म्हणतो, हे सारं काढून टाकू, छापील मार्बल लावू. दोन दिवसाचं काम हाय. विहारात कोणाले समजणारबी नाही."

"हो," देवाजी लगेच म्हणाले. "कागद. कागदच खराब आला होता तवा." त्यांनी ती फट अशी घट्ट धरली की भागीरथाबाईंना त्यांची कीव आली. कागदावर ढकललं की सुटलं. कागदाला कुठे तोंड असतं.

तेवढ्यात कांता दारापासून सरकत पुढे आली. तिनं चादरीवरून नखाएवढा एक तुकडा उचलला, पालथा करून पाहिला आणि जिभेच्या टोकावर ठेवला.

कांताचे डोळे मिटले होते. गाल किंचित आत ओढले गेले, जसे कच्चं जांभूळ खाल्ल्यावर ओढले जातात. तिनं तुकडा काढला, पदराला जीभ पुसली आणि डोळे उघडून समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. भागीरथाबाईंकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. तुरटी कोणाचं काम होतं हे तिला कोणी सांगायला नको होतं. ती बोलणार नाही हेही दिसत होतं. थोड्या वेळानं ती पोरीला घेऊन उठेल, बसनं कामठीला जाईल, दसऱ्याला येऊन सत्काराचं फूल घेईल. मधुकर छापील कागद लावेल. देवाजी कागदाला दोष देत सुखानं म्हातारे होतील. भागीरथाबाईंनी फक्त आणखी एकदा गप्प बसायचं होतं, आणि त्याची तर त्यांना चांगली सवय होती.

"कागद खराब नव्हता," त्या म्हणाल्या.

आपलाच आवाज त्यांना परका वाटला. देवाजींनी वर पाहिलं.

"खळबी खराब नव्हती. तुरटी जास्त झाली होती. तुमच्या मायनं मले एक वाटी सांगतली होती, मी दोन टाकत होती. या वहीपासून थेट त्रेसष्टपर्यंत."

"दोन?" देवाजींना अजून नीट कळलं नव्हतं. "काहून?"

"तुमी म्हटलं होतं, असा रंग नागपुरात कोणाच्या अबरीले नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमी दुसरं कधी काही म्हटलंच नाही मले."

"अन् चोपड्या वापस आल्या तवा?"

"त्याच दिवशी समजलं. जीभ लावून पाह्यली मी. तुमी कांतावर धावून राहिले होते. मले भेव वाटलं. उद्या सांगीन, परवा सांगीन करत राहिली, तोवर थे निघून गेले. मंग मी एका वाटीवर आली. कागद टिकाले लागला."

"अन् मी साऱ्याइले सांगत फिरलो."

"हो."

देवाजींनी हातातला पुठ्ठा खाली ठेवला. फार जपून ठेवला, जणू आता त्याचं काही व्हायचं बाकी होतं. "धोंडबाच्या मातीले मी लिंबाखाली उभा होतो. तू संगं होती माह्या. तवा तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"बसमंधी येताना मी तुले म्हटलं, त्यानं बायकोची चूक पोटात घातली अन् भावाले सोडलं. तवाबी तू चूप बसली."

देवाजींनी चष्मा काढला, डबीत ठेवायला गेले, डबी मिटेना. ती तशीच उघडी टाकून ते उठले, भिंतीला धरत बाहेर ओट्यावर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. मधुकर त्यांच्यामागे जायला निघाला आणि उंबऱ्यातच थांबला.

"अठरा वर्षं, मोठी आई!" चारुशीला उठून उभी राहिली होती. "माहे बाबा पॉवरलूमच्या धुळीत मेले. त्यायच्या हाताले अक्षर होतं, अबरी होती, अन् थे तिथं मशीनचे धागे जोडत बसले. तुम्ही एक वाक्य बोलल्या असत्या तर—"

"चूप, चारू," कांता म्हणाली.

"काहून चूप? तूबी चूपच राह्यली जलमभर!"

"चूप म्हटलं ना." कांतानं तो निळा तुकडा अजून मुठीत धरला होता. ती पोरीशी बोलत होती, पण ऐकायचं होतं ते जावेनं. "मले तर वाटे, मोरचूद माह्याच हातानं पडला. त्या टायमाले पोटात तुह्यामागचं होतं. राह्यलं नाही थे. ध्यान ठिकाणावर नसे. कढईत काय टाकलं, किती टाकलं, काही आठवे नाही. तुहे बाबा दादासंग भांडाले निघाले होते, लाकूड घेऊन निघाले होते. मीच पाय धरले. म्हटलं, चूक माहीच हाय, तुमी भांडू नका. म्हणून थे भांडले नाही. मान खाली घालून निघाले." ती थांबली. "मरेपर्यंत त्यायले असंच वाटलं. मलेबी."

भागीरथाबाईंना वाटलं होतं, कांता मनातून आपल्याला शिव्या देत असेल. कामठीत बसून रोज देत असेल, आणि द्याव्यातच. त्या शिव्यांच्या भरवशावर त्यांनी इतकी वर्षं काढली होती. पण कांतानं शिव्या दिल्या होत्या त्या स्वतःला. ज्या वेळी भागीरथाबाई राग उतरायची वाट बघत होत्या, त्या वेळी शेजारच्या खोलीत ही पोर न केलेली चूक नवऱ्याजवळ कबूल करत होती. मध्ये एक भिंत होती, तीही कुडाची.

"आई मीठसुद्धा चमच्यानं मोजते," चारुशीला म्हणाली. राग होता तिथंच होता, पण आता त्याला पाणी सुटलं होतं. "दोन-दोनदा विचारते. आमी हसत होतो तिले."

"मीबी हसली सकाळी," भागीरथाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागल्या. कांता रडली नाही. जवळही आली नाही आणि उठूनही गेली नाही. ती चादरीवरचे तुकडे एकेक करून वेचत राहिली आणि वेचलेले कागदाच्या पुडीत बांधत राहिली.

ऊन ओट्यावरून उतरलं तेव्हा देवाजींचा आवाज आला. बाहेरूनच, मागं न वळता.

"मधू, पत्रा रिकामा कर."

"आं?"

"वड्या काढ त्याच्यातल्या. छापील लावाचा नाही." थोड्या वेळानं ते पुन्हा बोलले, आणि आवाज फुटला तरी त्यांनी वाक्य पुरं केलं. "तिले म्हणा, अबरी तिच्या हातची पाह्यजे. माही जबान तिच्यापुढं उघडत नाही. तुमी म्हणा."

म्हणायची गरज नव्हती. तिनं ऐकलं होतं. तिनं शेवटचा तुकडा पुडीत टाकला. मग पुडी कमरेला खोचून म्हणाली, "मले जमते का आता. कंगवा हातात धरून अठरा वर्षं झाली."

"जमंन तसं जमंन," भागीरथाबाई म्हणाल्या. त्यांना दुसरं काही म्हणायचा हक्क उरला नव्हता.

मधुकरनं वड्या सुपात ओतल्या आणि पत्रा घासायला घेतला. कोपऱ्यांत अजून जुना निळा बसलेला होता, तो निघेना. चारुशीलानं मेथी निवडली. निवडताना ती कोणाशी बोलली नाही, पण दुसरं सूप मागितलं. मेथी उद्यापर्यंत भिजायची होती. कागद मात्र आजच पुसून वाळत घालायला हवे होते. भागीरथाबाईंनी पातेल्यात पाणी तापत ठेवलं, मांडणीच्या तळातून तुरटीचा डबा काढला, खडे खलबत्त्यात कुटले. पूड झाली तशी त्यांनी डबा कांतापुढे सरकवला.

"हे मी नाही टाकणार आता. तू टाक."

"किती?"

"तुह्या अंदाजानं. तुहा हात सगळ्यात चांगला होता वं, कांता. माहा नाही, तुहा."

कांतानं मूठभर पूड घेतली. मूठ पातेल्यावर नेली. खाली पाणी कोमट झालं होतं, वाफ तिच्या मनगटाला लागत होती. मूठ तशीच राहिली. भागीरथाबाई बघत होत्या, पोरगी मेथीतून मान वर करून बघत होती. कांताची बोटं सुटायला निघाली आणि पुन्हा आवळली. शेवटी तिनं पूड होती तशी डब्यात परत सोडली आणि तळवा लुगड्याला पुसला.

"होत नाही, बाई," ती म्हणाली. "वाटी दे."

भागीरथाबाईंनी मांडणीवरून वाटी काढून दिली. कांतानं ती भरली, बोटानं वरून सपाट केली, किंचित जास्त वाटली म्हणून चिमूटभर काढली आणि पातेल्यापाशी धरली. मग तिनं जावेकडे पाहिलं.

"एकच ना, बाई?" तिनं विचारलं. आणि ओतायच्या आधी पुन्हा एकदा, "एकच ना?"